ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्राममध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच्या सिग्नलची हाताळणी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• सिग्नल हँडलर म्हणून क्लासची साधी मेथड का देता येत नाही, हे सांगता येईल.
• हँडलरमध्ये काय चालते आणि काय चालत नाही, हे कारणासह ओळखता येईल.
• सिग्नल पाइपमार्गे मुख्य लूपपर्यंत आणून तो ऑब्जेक्टच्या मेथडकडे सोपवणारा क्लास मांडता येईल.
• एकाहून अधिक थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये कोणती पद्धत निवडावी, हे ठरवता येईल.

पूर्वज्ञान : सी++ मधील क्लास, कन्स्ट्रक्टर, डिस्ट्रक्टर, स्टॅटिक मेंबर, लिनक्सवरील प्रोसेस आणि फाइल डिस्क्रिप्टर या संकल्पना.

१. प्रस्तावना

एक उदाहरण घेऊन सुरुवात करू. एका पर्जन्यमापकाला छोटा लिनक्स संगणक जोडलेला आहे. त्यावरचा सी++ प्रोग्राम दर मिनिटाला एक नोंद घेतो. प्रत्येक नोंदीसाठी फाइल उघडणे नको, म्हणून 'नोंदवही' या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये नोंदी साठत जातात आणि ६० नोंदी झाल्या की एकदम फाइलमध्ये लिहिल्या जातात. 'नोंदवही'च्या डिस्ट्रक्टरमध्ये उरलेल्या नोंदी लिहून टाकण्याची सोय आहे. क्लास व्यवस्थित लिहिलेला आहे, चाचण्याही पास झाल्या आहेत.

आता कोणीतरी प्रोग्राम अद्ययावत करण्यासाठी तो बंद करतो. किल ही आज्ञा दिली की, दुसरे काही सांगितले नसेल तर, प्रोसेसला सिगटर्म हा सिग्नल जातो. प्रोग्रामने त्याची काही तजवीज केलेली नसेल, तर कर्नल प्रोसेस तिथेच संपवतो. मेन फंक्शन परत येत नाही, स्टॅक उलगडला जात नाही, एकही डिस्ट्रक्टर चालत नाही. शेवटच्या तासातल्या ५९ पर्यंत नोंदी गेल्या. पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

म्हणजे डिस्ट्रक्टरवर ठेवलेला आपला विश्वास एका अटीवर अवलंबून आहे. प्रोग्राम नेहमीच्या वाटेने संपला पाहिजे. ही अट सिग्नल आल्यावरही पाळली जावी, यासाठी काय करायचे, हा या पाठाचा विषय आहे.

२. सिग्नल म्हणजे काय : थोडक्यात उजळणी

सिग्नल म्हणजे कर्नलने प्रोसेसला दिलेली एक छोटी सूचना. तिच्यासोबत मुख्यतः एक क्रमांक येतो. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबल्यास समोर चालू असलेल्या प्रोसेस-गटाला सिगइंट (क्रमांक २) मिळतो. सिगटर्म (१५) ही 'आवरते घ्या' अशी विनंती आहे. सिगहप (१) मूळचा टर्मिनल तुटल्याची सूचना देणारा. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अनेक सेवा तो 'सेटिंग पुन्हा वाचा' या अर्थाने वापरतात. सिगसेगव्ही (११) चुकीच्या मेमरी पत्त्याला हात लावल्यावर येतो. सिगकिल (९) आणि सिगस्टॉप हे दोन सिग्नल मात्र पकडता येत नाहीत, अडवता येत नाहीत आणि दुर्लक्षितही करता येत नाहीत.

प्रत्येक सिग्नलबाबत प्रोसेस तीनपैकी एक गोष्ट ठरवू शकते : ठरलेली कृती होऊ देणे, दुर्लक्ष करणे, किंवा स्वतःचे फंक्शन नेमणे. या नेमलेल्या फंक्शनला हँडलर म्हणतात. नेमणुकीसाठी सिगॲक्शन ही सिस्टीम कॉल वापरावी. जुन्या सिग्नल फंक्शनचे वर्तन वेगवेगळ्या युनिक्समध्ये वेगवेगळे होते, म्हणून नव्या प्रोग्राममध्ये ते टाळलेले बरे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, त्या पुढे वारंवार लागतील.

पहिली : नेमणूक प्रोसेसची असते, ऑब्जेक्टची नाही आणि थ्रेडचीही नाही. एका सिग्नलला एका वेळी एकच हँडलर. दोन लायब्ररींनी एकाच सिग्नलसाठी हँडलर नेमला, तर नंतरचा राहतो आणि आधीचा गुपचूप बाद होतो.

दुसरी : साधे सिग्नल मोजले जात नाहीत. एखादा सिग्नल अडवलेला असताना तोच पाच वेळा आला, तर अडवणूक उठल्यावर तो एकदाच पोहोचतो. म्हणूनच 'सिगचाइल्ड एकदा आला म्हणजे एकच चाइल्ड प्रोसेस संपली' असे मानणे चूक आहे. संपलेल्या सगळ्या चाइल्ड प्रोसेसची चौकशी लूप लावूनच करावी लागते.

३. ऑब्जेक्टची मेथड थेट हँडलर का होऊ शकत नाही?

पहिला प्रयत्न बहुतेक विद्यार्थी असा करतात : 'नोंदवही'मध्ये 'सिग्नलआला' अशी मेथड लिहायची आणि तिचा पत्ता सिगॲक्शनला द्यायचा. कंपायलर लगेच नकार देतो. कारण सोपे आहे. सिगॲक्शनला हवे आहे एक पूर्णांक घेणारे आणि काही परत न देणारे साधे फंक्शन. साध्या मेथडला मात्र 'धिस' हा एक जास्तीचा पॉइंटर लागतो. कोणत्या नोंदवहीवर काम करायचे, हे तो पॉइंटर सांगतो. कर्नलला तुमचे ऑब्जेक्ट माहीत नाहीत, त्यामुळे तो 'धिस' कुठून आणणार?

यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे स्टॅटिक मेथड. तिला 'धिस' लागत नाही. मग एका स्टॅटिक पॉइंटरमध्ये ऑब्जेक्टचा पत्ता ठेवायचा आणि स्टॅटिक मेथडमधून त्या ऑब्जेक्टची खरी मेथड बोलवायची. (काटेकोर नियमाप्रमाणे हँडलर सी भाषेच्या जोडणीचे मुक्त फंक्शन असावे. प्रचलित कंपायलरवर स्टॅटिक मेथडही चालते, पण मुक्त फंक्शन लिहिण्याची सवय ठेवा.) आता प्रोग्राम कंपाइल होतो, कंट्रोल-सी दाबल्यावर नोंदी फाइलमध्ये उतरतात, आणि प्रयोगवहीत 'निरीक्षण : बरोबर' असे लिहिले जाते.

खरी अडचण इथून पुढे आहे. 'धिस'चा प्रश्न भाषेचा होता, तो सुटला. वेळेचा प्रश्न तसाच राहिला.

४. वेळेचा प्रश्न : अर्धवट अवस्थेतला ऑब्जेक्ट

क्लास लिहिताना आपण मनात एक करार धरतो. प्रत्येक सार्वजनिक मेथड सुरू होताना ऑब्जेक्ट सुसंगत अवस्थेत असतो आणि ती संपताना पुन्हा सुसंगत अवस्थेत येतो. मेथड चालू असताना मधल्या काही ओळींपुरता तो विस्कटलेला असतो, पण तेव्हा बाहेरून कोणी पाहत नसते, म्हणून चालते.

सिग्नल हा करार मोडतो. हँडलर कोणत्याही दोन यंत्र-सूचनांच्या मधे चालू होऊ शकतो. 'नोंदवही'तल्या व्हेक्टरची जागा भरली आहे आणि नवीन नोंद येते आहे, असे समजा. व्हेक्टर मोठी जागा मागवतो, जुन्या नोंदी तिकडे नेतो, जुनी जागा सोडतो आणि आपले पॉइंटर बदलतो. जुनी जागा सोडून झाली, पण पॉइंटर अजून बदललेले नाहीत, नेमक्या या क्षणी सिग्नल आला तर? हँडलरमधून बोलावलेली मेथड सोडून दिलेल्या जागेतून नोंदी वाचून फाइलमध्ये लिहील. प्रोग्राम कोसळला तर निदान कळेल तरी. कोसळला नाही, तर चुकीचे आकडे खरे म्हणून नोंदवले जातील, आणि हे अधिक वाईट.

'म्यूटेक्स लावू' हे उत्तर वर्गात नेहमी येते. विचार करून पाहा. म्यूटेक्स दोन थ्रेडमध्ये काम करतो, कारण एक थ्रेड थांबला तरी दुसरा पुढे जाऊन कुलूप सोडू शकतो. इथे हँडलर त्याच थ्रेडच्या स्टॅकवर, मूळ मेथडला मधेच थांबवून चाललेला आहे. मूळ मेथडकडे कुलूप आहे, पण हँडलर संपल्याशिवाय ती पुढे जाणार नाही. हँडलर कुलपाची वाट पाहतो आहे, पण मूळ मेथड पुढे गेल्याशिवाय ते सुटणार नाही. प्रोग्राम कायमचा अडकला.

आणि हा धोका फक्त आपल्या क्लासपुरता नाही. मेमरी देणारे मॅलॉक, छापणारे प्रिंटएफ, सी++ चे न्यू, स्ट्रिंग, सी-आउट या सगळ्यांच्या पोटात स्वतःच्या याद्या आणि कुलपे आहेत. मॅलॉक चालू असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉक बोलावले, तर वर सांगितलेली गतच होणार. म्हणून पॉझिक्स मानकात हँडलरमधून बोलावण्यास सुरक्षित अशा फंक्शनची यादीच दिली आहे. राइट, रीड, क्लोज, किल, अंडरस्कोर-एक्झिट ही त्यात आहेत. मॅलॉक, प्रिंटएफ, सिसलॉग आणि साधे एक्झिट ही त्यात नाहीत.

साधे एक्झिट नाही, याकडे विशेष लक्ष द्या. 'हँडलरमधून एक्झिट बोलावले की डिस्ट्रक्टर चालतील' हा समज दोन बाजूंनी चुकीचा आहे. एक्झिट स्टॅटिक ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालवते, पण मेन आणि इतर फंक्शनमधील स्थानिक ऑब्जेक्टचे चालवत नाही. आणि जे चालवते, तेही असुरक्षित क्षणी. अंडरस्कोर-एक्झिट सुरक्षित आहे, पण ते कोणाचेच डिस्ट्रक्टर चालवत नाही. हँडलरमधून एक्सेप्शन फेकणे हाही मार्ग नाही. सी++ मानकाच्या दृष्टीने ते अव्याख्यायित वर्तन आहे.

५. हा धोका पुस्तकी नाही : ओपनएसएसएचची घटना

'इतक्या नेमक्या क्षणी सिग्नल येण्याची शक्यता ती किती?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जुलै २०२४ मध्ये जगाला मिळाले.

दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी ओपनएसएसएच जगभर वापरले जाते. जोडणी आल्यावर ठरावीक वेळेत लॉगिन पूर्ण झाले नाही, तर सर्व्हर ती तोडतो. ही मुदत, वेगळी ठरवली नसेल तर, १२० सेकंद असते. मुदत संपल्याची सूचना सिगअलार्म या सिग्नलने येते. त्या सिग्नलच्या हँडलरमधून होणाऱ्या कामांत सिसलॉगमध्ये नोंद करणे हेही होते, आणि जीलिबसी या सी लायब्ररीत सिसलॉगच्या पोटात मॅलॉक बोलावले जाऊ शकते.

क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की, पुन्हा पुन्हा जोडण्या करून, मेमरीच्या याद्या अर्धवट अवस्थेत असतानाच हा सिग्नल पोहोचेल असा प्रयत्न करता येतो. हजारो प्रयत्नांनंतर तो नेमका क्षण साधला, की पासवर्डशिवाय सर्व्हरवर रूटचे अधिकार मिळवता येतात. ही त्रुटी सीव्हीई-२०२४-६३८७ या क्रमांकाने नोंदली गेली. याच जातीची त्रुटी २००६ मध्ये सापडून दुरुस्त झाली होती, पण पुढच्या एका बदलात ती ८.५पी१ या आवृत्तीपासून परत आली आणि ९.८पी१ मध्ये पुन्हा दुरुस्त झाली. ओपनबीएसडीवर मात्र ती नव्हती, कारण तिथल्या हँडलरमध्ये सिसलॉगचा सिग्नल-सुरक्षित प्रकार वापरला होता.

यातून घ्यायचा बोध असा : 'क्वचित घडते' म्हणजे 'घडत नाही' असे नव्हे. शिवाय कोणी मुद्दाम प्रयत्न करत असेल, तर क्वचितचा हिशोबच बदलतो.

६. मूळ सूत्र

आतापर्यंतच्या चर्चेतून एकच सूत्र निघते :

हँडलरने काम करायचे नाही, फक्त निरोप ठेवायचा. काम ऑब्जेक्टने करायचे, आणि ते स्वतःच्या सोयीच्या वेळी.

निरोप ठेवण्याची सर्वांत साधी सोय म्हणजे ध्वज, अर्थात एक चल. त्याचा प्रकार 'व्होलाटाइल सिग-ॲटॉमिक-टी' किंवा कुलूप न लागणारा ॲटॉमिक असावा. हँडलर तो १ करतो, मुख्य लूप प्रत्येक फेरीत तो तपासतो. सतत गणित करणाऱ्या प्रोग्रामला एवढे पुरते.

वाट पाहणाऱ्या प्रोग्रामला पुरत नाही. आपला प्रोग्राम बहुतेक वेळ सेन्सरकडून नोंद येण्याची वाट पाहत झोपलेला असतो. लूपने ध्वज तपासला, तो ० होता. पुढच्याच क्षणी सिग्नल आला, ध्वज १ झाला. त्यानंतर लूप झोपायला गेला. आता पुढची नोंद येईपर्यंत तो निरोप पाहणारच नाही. तपासणे आणि झोपणे यांच्यामधली ही फट बंद करायला हवी.

७. पाइपची युक्ती

ही फट बंद करण्याची प्रसिद्ध युक्ती 'सेल्फ-पाइप' म्हणून ओळखली जाते. ती डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाशी जोडली जाते. प्रोग्राम स्वतःसाठीच एक पाइप उघडतो. हँडलर पाइपच्या लेखन-टोकात एक बाइट टाकतो. मुख्य लूप पोल या सिस्टीम कॉलने सेन्सर आणि पाइपचे वाचन-टोक या दोन्हींची एकत्र वाट पाहतो. सिग्नल झोपण्याच्या आधी आला काय किंवा नंतर आला काय, बाइट पाइपमध्ये पडून असते, त्यामुळे पोल लगेच जागे होते.

हँडलर एवढाच (पुढील मांडणी स्यूडोकोडमध्ये आहे) :

फंक्शन सिग्नल_हँडलर(क्रमांक)
    जुना_एरनो = एरनो
    बाइट = क्रमांक
    राइट(लेखन_टोक, बाइट, १)
    एरनो = जुना_एरनो

एरनो जपून ठेवण्याचे कारण : मुख्य प्रोग्राम एखाद्या सिस्टीम कॉलचा निकाल तपासत असतानाच हँडलर मधे आला आणि राइटने एरनो बदलला, तर मुख्य प्रोग्रामला भलतीच चूक दिसेल.

पाइपची दोन्ही टोके 'नॉन-ब्लॉकिंग' ठेवावीत. नाहीतर पाइप भरलेला असताना हँडलरच अडकेल. पाइप भरला आणि एखादी बाइट टाकता आली नाही, तरी लूप जागा होणारच आहे. पण भरलेल्या पाइपमुळे एखाद्या वेगळ्या सिग्नलची बाइट हरवायलाही नको असेल, तर प्रत्येक सिग्नलसाठी ध्वजही ठेवावा आणि पाइपचा उपयोग फक्त उठवण्यासाठी करावा.

८. क्लासची मांडणी

आता ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचना करणे सोपे झाले. दोन भूमिका ठरवू.

'श्रोता' हा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास. त्यात 'सिग्नल_आला(क्रमांक)' ही एकच व्हर्च्युअल मेथड. ज्या क्लासला सिग्नलची बातमी हवी, त्याने श्रोत्याकडून वारसा घ्यायचा.

'सिग्नलवाटप' हा पाइप आणि हँडलरची नेमणूक सांभाळणारा क्लास. नेमणूक प्रोसेसची असल्यामुळे याचा एकच ऑब्जेक्ट असावा. सिंगलटनचा वापर पुष्कळदा सवयीने होतो, पण इथे 'एकच' हे बंधन ऑपरेटिंग सिस्टीमनेच घातलेले आहे. या क्लासची कॉपी करण्यास बंदी ठेवावी.

कन्स्ट्रक्टर आणि डिस्ट्रक्टरमधील क्रम महत्त्वाचा आहे :

• कन्स्ट्रक्टर : आधी पाइप उघडणे, मग लेखन-टोक स्टॅटिक चलात ठेवणे. श्रोता नोंदवला गेला की त्या सिग्नलचा हँडलर नेमणे आणि सिगॲक्शनने परत दिलेली जुनी नेमणूक जपून ठेवणे.
• डिस्ट्रक्टर : आधी जुन्या नेमणुका परत लावणे, मगच पाइप बंद करणे.

क्रम उलटा झाला, तर बंद झालेल्या डिस्क्रिप्टरवर हँडलर लिहील. तोच डिस्क्रिप्टर क्रमांक दरम्यान दुसऱ्या फाइलला मिळाला असेल, तर तिच्यात एक भलतीच बाइट जाईल. अशी चूक शोधता शोधता दिवस जातो.

मेन फंक्शन असे दिसेल :

मेन()
    सिग्नलवाटप वाटप
    नोंदवही वही("पाऊस")
    मोजणी काम(वही)                  -- 'मोजणी' हा श्रोता आहे
    वाटप.नोंदवा(सिगटर्म, काम)
    वाटप.नोंदवा(सिगइंट, काम)
    जोपर्यंत काम.चालू_आहे()
        पोल(सेन्सर, वाटप.वाचन_टोक)
        पोल सिग्नलमुळे मोडले असेल तर पुढची फेरी
        वाचन_टोक तयार असेल तर वाटप.पोहोचवा()
        सेन्सर तयार असेल तर वही.जोडा(सेन्सर.वाचा())
    वही.बंद_करा()
    परत ०

'पोहोचवा' ही मेथड पाइपमधल्या बाइट वाचते आणि त्या त्या क्रमांकाच्या श्रोत्याची 'सिग्नल_आला' मेथड बोलावते. 'मोजणी'ची मेथड फक्त 'चालू' हे चल खोटे करते. हे सगळे मुख्य लूपमध्ये घडते, हँडलरमध्ये नाही. त्यामुळे इथे व्हेक्टर, मॅप, स्ट्रिंग, एक्सेप्शन, छपाई, सर्व काही चालते. 'वही.जोडा' पूर्ण झाल्याशिवाय 'पोहोचवा' बोलावले जाऊच शकत नाही. ऑब्जेक्टचा करार पुन्हा शाबूत झाला.

तीन बारकावे पाहा.

(अ) सिगॲक्शनमध्ये एसए-रीस्टार्ट हा पर्याय दिल्यास सिग्नलमुळे मोडलेले रीडसारखे अनेक कॉल आपोआप पुन्हा सुरू होतात. पोल मात्र हा पर्याय देऊनही 'ईइंटर' ही चूक देऊनच परत येते. म्हणून वरील 'पुढची फेरी' ही ओळ आवश्यक आहे. तिला खरी चूक समजून प्रोग्राम बंद करू नका.

(आ) स्थानिक ऑब्जेक्ट उलट्या क्रमाने नष्ट होतात. 'वाटप' सर्वांत आधी घडवल्यामुळे ते सर्वांत शेवटी जाते. तोपर्यंत आणखी एखादा सिगटर्म आला तरी तो पाइपमध्ये पडून राहील, नोंदी लिहिण्याच्या मधे प्रोग्राम मारणार नाही. मात्र 'काम' आधी नष्ट होते, म्हणून लूप संपल्यावर 'पोहोचवा' पुन्हा बोलावू नये.

(इ) डिस्ट्रक्टर असूनही 'बंद_करा' वेगळे का? डिस्क भरलेली असेल तर लिहिणे फसेल. डिस्ट्रक्टरमधून ही बातमी बाहेर देणे अवघड, कारण त्यातून एक्सेप्शन फेकू नये. 'बंद_करा' चूक कळवू शकते. डिस्ट्रक्टर मागचा आधार म्हणून राहू द्यावा.

९. सिग्नलएफडी आणि थ्रेड

लिनक्सवर याहूनही नीटनेटकी सोय आहे. २००७ मध्ये आलेल्या २.६.२२ या कर्नलपासून सिग्नलएफडी ही सिस्टीम कॉल उपलब्ध आहे. हवे ते सिग्नल आधी अडवायचे आणि त्यांच्यासाठी एक फाइल डिस्क्रिप्टर मागायचा. सिग्नल आला की तो डिस्क्रिप्टर वाचण्यास तयार होतो. हँडलरच नाही, त्यामुळे हँडलरचे प्रश्नही नाहीत. वरील 'सिग्नलवाटप'च्या पोटात पाइपऐवजी सिग्नलएफडी बसवला तरी बाकी प्रोग्राम बदलावा लागत नाही. क्लासच्या मागे तपशील झाकण्याचा हा फायदा. दोन मर्यादा मात्र आहेत. ही सोय लिनक्सपुरती आहे. आणि अडवलेल्या सिग्नलची यादी फोर्क व एक्झेक नंतरही कायम राहते, त्यामुळे चाइल्ड प्रोसेसमध्ये एक्झेकपूर्वी ती मोकळी न केल्यास नवा प्रोग्राम सिगटर्मला दाद देणार नाही.

एकाहून अधिक थ्रेड असतील, तर प्रोसेसला आलेला सिग्नल ज्या थ्रेडने तो अडवलेला नाही अशा कोणत्याही थ्रेडवर पोहोचू शकतो. ही अनिश्चितता टाळण्याची पद्धत अशी :

१) मेनच्या सुरुवातीला, एकही थ्रेड घडवण्यापूर्वी, सिग्नल अडवा. नवे थ्रेड ही यादी वारशाने घेतात.
२) एक वेगळा थ्रेड फक्त सिग्नलसाठी ठेवा. तो सिगवेट बोलावून वाट पाहील.
३) सिग्नल मिळाला की तो थ्रेड साधे फंक्शन चालवल्यासारखे काम करील. इथे म्यूटेक्स, कंडिशन व्हेरिएबल, रांग यांचा वापर सुरक्षित आहे, कारण हा थ्रेड दुसऱ्याला मधेच तोडून त्याच्या स्टॅकवर चढलेला नाही.

सिगसेगव्हीसारख्या, चालू सूचनेनेच ओढवलेल्या सिग्नलला यांपैकी कोणतीही पद्धत लागू नाही. 'नंतर बघू' म्हणून परत यावे, तर तीच चुकीची सूचना पुन्हा चालते आणि तोच सिग्नल पुन्हा येतो. अशा वेळी सुरक्षित यादीतली मोजकी फंक्शन वापरून माहिती लिहावी आणि प्रोसेस संपू द्यावी.

१०. इतर भाषांत हेच सूत्र

पायथनमध्ये हँडलर म्हणून ऑब्जेक्टची मेथड थेट देता येते. मग वरील सगळे खोटे का? नाही. प्रचलित सीपायथनमध्ये खरा हँडलर सी भाषेत आहे, आणि तो फक्त ध्वज लावतो. तुमची मेथड नंतर, मुख्य थ्रेडवर, दोन बाइटकोड सूचनांच्या मधल्या जागेत चालते. म्हणजे मेमरीची मोडतोड टळते, पण तुमच्याच दुसऱ्या मेथडच्या दोन ओळींच्या मधे ती येऊ शकते. म्हणून तिथेही मेथडमध्ये ध्वज लावून परत येणेच उत्तम.

जावामध्ये सिगटर्म किंवा सिगइंट आल्यावर व्हर्च्युअल मशीन आधी नोंदवलेले 'शटडाउन हुक' चालवते. हे वेगळे थ्रेड असतात, त्यामुळे तिथे थ्रेडचे नियम लागू होतात आणि सामायिक डेटाला कुलूप लागते.

११. मुदत आणि मर्यादा

विनंती ऐकायला अमर्याद वेळ मिळत नाही. डॉकरची स्टॉप आज्ञा सिगटर्म पाठवते, नेहमीच्या मांडणीत १० सेकंद थांबते आणि मग सिगकिल पाठवते. कुबरनेटीसमध्ये ही मुदत ३० सेकंद, तर सिस्टिमडीच्या मूळ मांडणीत ९० सेकंद असते. आपले आवरणे या मुदतीत बसते का, हे मोजून पाहा.

कंटेनरमध्ये आणखी एक खाच आहे. तिथे तुमचा प्रोग्राम क्रमांक १ ची प्रोसेस असेल, तर हँडलर न नेमलेल्या सिगटर्मची ठरलेली कृती कर्नल तिला लागू करत नाही. प्रोग्राम विनंतीकडे पाहतही नाही आणि मुदत संपल्यावर सिगकिलने मरतो. निर्गमन संकेत १३७ दिसला, तर तो १२८ अधिक ९ आहे, म्हणजे सिगकिल. सिगटर्मने संपल्यास १४३ आणि सिगइंटने संपल्यास १३० दिसतो.

शेवटी, सिगकिल आणि वीज जाणे यांवर कोणताही हँडलर नाही. म्हणून फाइल अशी लिहावी की अचानक मृत्यूनेही जुनी माहिती बिघडू नये. तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, एफसिंक करा, मग त्याच फाइलसिस्टीममध्ये रिनेम करा. आणि ६० नोंदी गमावणे परवडणारे नसेल, तर १० नोंदींनाच लिहा. सिग्नलची हाताळणी नुकसान कमी करते, पण जपून लिहिण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

सारांश

• सिग्नलची नेमणूक प्रोसेसची असते. म्हणून ती एकाच ऑब्जेक्टच्या ताब्यात द्यावी.
• स्टॅटिक मेथडने 'धिस'चा प्रश्न सुटतो, अर्धवट अवस्थेचा सुटत नाही.
• हँडलरने निरोप ठेवावा. ऑब्जेक्टने तो मुख्य लूपमध्ये घ्यावा.
• मेन नेहमीच्या वाटेने संपले, तरच स्थानिक ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालतात. सिग्नल हाताळणीचे ध्येय हेच.

सरावासाठी प्रश्न

१. हँडलरमध्ये म्यूटेक्स वापरल्यास एकाच थ्रेडच्या प्रोग्राममध्येही डेडलॉक का होतो? आकृती काढून दाखवा.
२. ध्वज तपासणे आणि झोपणे यांच्यामधली फट पाइपमुळे कशी बंद होते? घटनांचे दोन्ही क्रम लिहा.
३. 'सिग्नलवाटप'च्या डिस्ट्रक्टरमध्ये पाइप आधी बंद केल्यास काय काय बिघडू शकते?
४. प्रात्यक्षिक : 'नोंदवही'चा प्रोग्राम दोन प्रकारे लिहा, एक हँडलरमधूनच फाइल लिहिणारा आणि दुसरा पाइप वापरणारा. दोन्हींना नोंदींचा वेग वाढवून, शेल लूपमधून शेकडो वेळा सुरू करून सिगटर्म पाठवा. प्रत्येक वेळी फाइलमधल्या नोंदी मोजा आणि पहिला प्रकार किती वेळा अडकला, कोसळला किंवा चुकीचा आकडा लिहून गेला, याचा तक्ता करा. एकदाही बिघाड दिसला नाही, तर त्यावरून तो प्रकार सुरक्षित ठरतो का, यावर पाच ओळी लिहा.